पुढच्या उन्हाळ्याची बोट

पहिली बोट व्हर्लिनला बघताक्षणी आवडली. लांबलचक पॉंटून होती ती. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन जाडजूड नळकांड्यांवर सपाट ओटा, त्यावर सोफे, मागे पोरांसाठी घसरगुंडीसुद्धा. सप्टेंबर संपत आला होता. तळी गोठायच्या आत जुन्या बोटी विकून लोक मोकळे होतात, आणि शहाणी माणसं पुढच्या उन्हाळ्याची बोट तेव्हाच स्वस्तात उचलतात.

"सगळं घर मावेल यात," तो म्हणाला.

त्याची बायको आर्डिस बोटीच्या दोरांकडे बघत होती. "धक्क्याला लावायला दोन माणसं लागतील हिला."

"मग आहोत की आपण दोघं."

ती गाडीकडे वळली.

हिवाळ्यात व्हर्लिनच्या हृदयानं दगा दिला होता. जिवावरचं थोडक्यात निभावलं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला होता: मुलगा कर्ट, सून जनेल, दोन नातवंडं आणि आर्डिस, सगळी एका बोटीत बसलेली बघायची. असे किती उन्हाळे उरलेत, हा विषय घरात कोणी काढत नसे. मिनेसोटातल्या त्या गावात वाईट गोष्ट तोंडावर बोलायची पद्धतच नव्हती. लोक घसा खाकरत आणि हवापाण्यावर येत.

दुसरी बोट म्हाताऱ्या हाल्वरची. आखूड, जुनाट, सोफ्याला ठिगळ. बायको गेल्यापासून आपण एकटेच ही चालवतो, कधी अडलं नाही, असं हाल्वर सांगत होता. आर्डिसनं ते दोनदा विचारून घेतलं. मग ती व्हर्लिनकडे वळली.

"चालव."

"मी? तू असताना?"

प्रश्न रास्त होता. आर्डिस तळ्याकाठीच जन्मली, वाढली. लग्न झाल्यापासून कुठल्याही बोटीचं चाक तिच्याच हाती. व्हर्लिनचं काम सँडविच वाटायचं, आणि तेही तो सांडत सांडत करी.

आर्डिस धक्क्यावर उतरली आणि कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. तो बोट घेऊन आला तेव्हा तिनं दोर झेलला नाही. बोट धाडकन आदळली.

"व्हर्लिनराव, धक्का विकायला काढलेला नाही," हाल्वर म्हणाला.

आर्डिस हसली नाही. तिनं त्याला परत पाठवलं. पुन्हा आदळली, तरी पुन्हा पाठवलं. शेवटी बोट गुमान धक्क्याला लागली, त्यानं स्वतःच दोर बांधला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"हीच घेऊ," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत व्हर्लिन फुरंगटून बसला होता. मग त्याचा राग निवळला. आपल्याला दगदग नको म्हणून तिची ही धडपड, हे त्याला दिसत होतं. हल्ली ती त्याच्याकडून बटाट्याचं सॅलडही करून घ्यायची, मोहरी कमी पडली की टोकायची. माणसाला कशात तरी गुंतवून ठेवायचं, दुसरं काय! बिचारी स्वतः मात्र सुकली होती. दर गुरुवारी डलुथ शहरात बहिणीच्या, मार्लिसच्या, दुखऱ्या गुडघ्याचं करायला जायची, थकून यायची, आणि तिकडेच खाल्लं म्हणून जेवायची नाही. त्या मार्लिसला दुसरं कोणी नाही का, म्हणून तो कितीदा चिडला होता.

पुढच्या गुरुवारी ती परतली ती लाइफ जॅकेटांची मोठी पिशवी घेऊनच. जुनी उंदरांनी कुरतडली म्हणून तिनंच सगळी फेकली होती. आर्डिसच्या माहेरचा दंडक होता: प्रत्येकाचं जॅकेट वेगळं, त्यावर ठळक शाईनं नाव, आणि आपल्या नावाचं जॅकेट नसेल त्यानं बोटीत पाय ठेवायचा नाही.

ती आत जाऊन आडवी झाली. व्हर्लिननं लहान पोराच्या हौसेनं स्वयंपाकघरात पिशवी उघडली. नातवंडांची दोन वर निघाली, वाढत्या अंगाची, पुढच्या उन्हाळ्याच्या मापाची. नावं तिच्याच अक्षरात. मग कर्टचं, जनेलचं. खाली त्याचं स्वतःचं. ते त्यानं तिथंच चढवून पट्टे आवळले आणि तिला हाक मारायला तोंड उघडलं.

मग त्यानं पिशवी उलटी करून झटकली. आत हात घालून कोपरे चाचपले.

आर्डिसच्या नावाचं जॅकेट तिनं आणलंच नव्हतं.