मौनावरचा लेख

निवृत्तीनंतर गुरुजींनी ब्लॉग सुरू केला. टाइप करताना बोटं अडखळत, म्हणून लेकीने फोनवर बोलून लिहायची सोय करून दिली. गुरुजींनी खणखणीत आवाजात ‘मौनाचे महत्त्व’ हा लेख सांगितला आणि न वाचताच प्रसिद्ध केला. एरवी तिकडे चिटपाखरूही फिरकत नसे. संध्याकाळपर्यंत प्रतिक्रियांची रांग लागली. हरखून त्यांनी लेख उघडला.

“मौन ही आत्म्याची भाषा आहे अहो आत्म्याचं राहू द्या दूध उतू गेलं ते बघा...”

खाली वाचकांचं एकच म्हणणं होतं : “दुधापासून पुढचं झकास!”

दुसऱ्या दिवशी गुरुजी फोन घेऊन मुकाट स्वयंपाकघरात गेले.

“बोल काहीतरी.”

बायकोने शांतपणे हात पुसले.

“बोलते की. आधी वर माझं नाव टाका.”