तोरूची बशी

इस्सिक-कूल सरोवराच्या काठावरच्या आमच्या तबेल्यात घोड्यांना घटसर्पाच्या जंतूंचं विष अगदी थोडंथोडं टोचतात. दोन दिवसांत मान डावीकडे सुजते, आणि घोड्याचं रक्त त्या विषावर उतारा तयार करू लागतं. घोडे सांभाळणारी बुरुलचा, आमची सगळ्यांची आपा, सुजेवर तळवा ठेवून ऊब बघते आणि घोड्याला साखरेचा खडा देते.

तो उतारा पारखायचं काम माझं. बशीतल्या जिवंत पेशींवर विष घातलं की त्या आक्रसून मरतात. सोबत उतारा घातला तर जगतात.

आमचा म्हातारा घोडा तोरू वसंतात गेला. सोमवारी त्याच्या रक्तातल्या उताऱ्याची शेवटची बाटली पारखायला घेतली. विष घातलं, आणि उतारा घालायचाच विसरले. आज बुधवारी पाहिलं, तर बाटलीचं सील तसंच आणि तोरूच्या बशीतल्या पेशी मजेत पसरलेल्या. शेजारच्या बशीत त्याच विषानं एकही वाचली नव्हती.

"लाडका होतास ना तू त्याचा," आपा घोड्यांकडे बघत म्हणाली आणि जीभ चावून हसली, "होतीस! मेल्यावरही तुझा वेंधळेपणा निस्तरतोय बिचारा."

मीही हसले. उन्हात बसून आम्ही चहा घेतला. फार बरं वाटत होतं. आपानं माझ्या खांद्यावरचं गवत झटकलं आणि तिचा तळवा माझ्या मानेवर थांबला. डावीकडे.

"कधीपासून गं हे?"

"सोमवारपासून."

तिनं खिशातून साखरेचा खडा काढून तळहातावर धरला.

मी मान खाली घातली आणि तो ओठांनी उचलला.