दातांतला दोरा

भुवया कोरण्याआधी हर्षदाने संमतीपत्रावर सही केली. खाली साक्षीदार म्हणून आईनेही केली. शेवटचं प्रतिजैविक निकामी होऊन सहा वर्षं झाली होती, साध्या ओरखड्यानेही माणसं जात होती. लग्नं मात्र थांबली नव्हती.

पार्लरवाल्या कुंदाताईंनी चिमटे उकळले, हात तीनदा धुतले, नवं रीळ फोडलं. ‘दोरा मानेला अडकवावा, तोंडात धरू नये’ ही पाटी त्यांनीच लावली होती.

डावी भुवई सुरेख झाली. टिपताना कापसावर रक्ताचा ठिपका उमटला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, दोरा दातांत आहे. वीस वर्षांची सवय.

हर्षदाने आरशात सगळं पाहिलं होतं.

“ताई, लग्न रविवारी आहे. तोवर टिकेन ना?”

कुंदाताईंनी दातांतला दोरा काढला आणि आरशावरून नजर वळवली.

“मग उजवीही करा. फोटोत तरी सारख्या दिसू देत.”