घुबडाची चोरी

दरवर्षी कॉलेजच्या मोठ्या सामन्याआधी समोरच्या बंधुमंडळाची, म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्लबाची, पोरं आमच्या बंधुमंडळाचं दगडी घुबड पळवतात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते परत पळवून आणतो. आमच्या आजोबांच्या काळापासून यात एकदाही खंड पडलेला नाही. यंदा त्यांच्याकडे दोनच पोरं उरली होती, तरी ती भरदुपारी आली. आम्ही चौघे पहारेकरी रिवाजाप्रमाणे तोंडावर टोप्या घेऊन व्हरांड्यात घोरत पडलो.

दोघांनी खूप जोर लावला, पण घुबड काही हलेना. मैदानावर सामन्याचा बँड वाजायला लागला.

“एमेट, जाऊ दे,” एक चोर रडवेला होऊन म्हणाला. “आपल्याच हातून प्रथा बुडायची होती.”

शेजारी घोरत पडलेल्या ग्रेडीनं मला कोपरानं ढोसलं. “वेंडेल, उठू का रे?”

“गुपचूप घोर! पहारेकऱ्यानं चोराला हात दिलेला ऐकलायस कधी?”

“आणि चोर नसलेला पहारेकरी तू ऐकलायस?”

मी तोंडावरची टोपी फेकून उठलो, मागोमाग बाकीचेही उठले. आम्ही सहा जणांनी घुबड खांद्यावर घेतलं आणि भर रस्त्यातून पळत सुटलो. चोर मागून धापा टाकत होते आणि आम्ही पहारेकरी सगळ्यांच्या पुढे जीव तोडून ओरडत होतो, “चोर! चोर! पकडा रे त्यांना!”