गॅलरीतली जिम

"हमाल कशाला? आमच्या हिने घरात जिम काढलीय!" साठवणीच्या गव्हाचं पोतं जिन्यापाशी उतरवून घेऊन नवऱ्याने हमालाला परत पाठवलं. सोसायटीतले चौघे खो खो हसले.

हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून तिने गॅलरीत व्यायाम सुरू केला, तेव्हा हाच माणूस सोफ्यावर लोळत तिच्या बैठका मोठमोठ्याने मोजायचा आणि पोट धरून हसायचा. आता अंगात ताकद आली, तर याला फुकटचा हमाल सापडला!

तिने पदर खोचला आणि तीस किलोंचं पोतं एका दमात उचललं.

"बघा!" नवरा फुशारला.

तिने पोतं त्याच्याच खांद्यावर ठेवलं.

"चला, तिसरा मजला. पायऱ्या मी मोजते. मोठ्याने."