अखाजीची घागर

अखाजीच्या सकाळी आईनं कोरी घागर मोतीरामच्या हाती दिली. गेलेल्या माणसाला पाणी पोचवायचा हा सण, आणि बाप जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. मोतीराम इंजिनीअरिंगच्या कॉलेजात पाण्याचं, सांडपाण्याचं शिकत होता. मागल्या उन्हाळ्यात त्यानं परसात विहिरीमागं संडास बांधला, गावातला पहिला. बाप पाव्हण्यांना हात धरून दाखवायला न्यायचा. दिवाळीत बाप काविळीनं गेला. मोताळ्याचे डॉक्टर म्हणाले, पाणी बाधलं. बाप आठवडी बाजारात पाणी प्यायचा, सगळ्यांनी त्यावर खापर फोडलं. कॉलेजातल्या सरांना मात्र शंका होती. आपल्या संडासाचं पाणी विहिरीत उतरत नाही, हे त्यांना पटवायला मोतीरामनं परवा संडासात हिरवा रंग ओतला होता. आता विहिरीवर येऊन त्यानं पोहरा वर ओढला. पाणी हिरवंगार होतं. त्यानं पोहरा काठावर टेकवला. ओट्यावरून आई म्हणाली, "काऊन थांबला रे बापू? भर घागर. तुह्या बाले तुह्याच हातचं पानी पोचते."