संध्याकाळचं औषध

"डोस बढ़ाया, फिर भी झटके आ रहे हैं," डॉक्टर म्हणाले. "अब दूसरी दवा जोड़नी पड़ेगी. बच्ची सुस्त रहेगी. बोलने-सीखने में थोड़ी पीछे भी रह सकती है."

मधुवंतीने मांडीवरच्या रुचीला जवळ ओढलं. अडीच वर्षांची रुची टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे झेपावत होती. शेजारी नवरा वासुदेव बसला होता, मागे सासूबाई प्रेमलाताई उभ्या.

"रोज़ आते हैं?"

"नहीं. महीने में तीन-चार रात, लगातार. फिर एकदम ठीक," मधुवंती म्हणाली.

"दवा छूटती तो नहीं?"

"बिलकुल नहीं," प्रेमलाताईंनी मागून सांगितलं.

डॉक्टरांनी पेन उचललं. मधुवंती मात्र स्वतःच्याच उत्तरापाशी अडकली होती. महिन्यातले तीन-चार दिवस. त्या दिवसांत ती वरच्या खोलीत बाजूला बसायची. दुर्गाघाटावरच्या त्यांच्या जुन्या मराठी घरात अजून तेच चालायचं. रुची खाली आजीजवळ. सकाळचं औषध वासुदेव द्यायचा, संध्याकाळचं सासूबाई. ती जिन्यातून विचारायची, "आई, औषध दिलंत?" खालून उत्तर यायचं, "हो गं बाई, दिलं!"

ती मागे वळली. "आई, मी बाजूला असते तेव्हा संध्याकाळी तुम्ही हिला काय देता?"

"अगं, नैवेद्याच्या सोवळ्यात ती बाटली मी कशी शिवणार? कशाकशाचं केलेलं असतं ते." प्रेमलाताईंनी आवाज खाली आणला. "तीर्थ देते की चमचाभर. काही न देता ठेवते का पोरीला?"

"क्या हुआ?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुछ नहीं," वासुदेव घाईने म्हणाला. "आप दूसरी दवा लिख दीजिए." मग हळूच, "मधू, घरातलं इथे नको."

"मत लिखिए," मधुवंती म्हणाली. आणि तिने सगळं सांगून टाकलं. सोवळं म्हणजे काय, तेसुद्धा सांगावं लागलं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. पाहिलं ते तिच्याकडेच. "आप तो पढ़ी-लिखी हैं. माँ होकर इतना ध्यान नहीं रखा?"

वासुदेव भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिला.

"अभी यही दवा चलेगी. एक भी डोस नहीं छूटना चाहिए. महीने भर बाद दिखाइए. तब भी झटके आते रहे, तो दूसरी शुरू करेंगे."

बाहेर आल्यावर रुची आजीकडे झेपावली. प्रेमलाताईंनी तिला कडेवर घेतलं, पदराने तिची लाळ पुसली, गालाचा पापा घेतला. रागावल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"महिन्याने म्हणजे नेमके तुझेच दिवस आले," त्या म्हणाल्या. "तू नको दगदग करूस. मी आणि वासू येऊ हिला घेऊन. सांगू डॉक्टरांना, औषध अगदी वेळेवर चाललंय म्हणून."